आधी बादली, मग बोर्ड

मागच्या अंकात ऊन पाण्याच्या झऱ्यांवर चार ओळी लिहिल्या आणि संपादकांनी या वेळी पत्रांची पिशवीच घरी पाठवून दिली. ३१ वर्षं कॉलेजात भूशास्त्र शिकवलं, पण वर्गात इतके प्रश्न कधी कुणी विचारले नव्हते. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही. पाच पत्रं निवडली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, त्याला इलाज नाही. त्या प्रश्नात बाकीचे बरेच प्रश्न येऊन जातात.

“मॅडम, आमचं गाव राजवाडी-तुरळच्या पट्ट्यात येतं. आमच्याकडेही ऊन पाण्याचं एक लहान कुंड आहे, पण त्याचं नाव तालुक्याबाहेर कुणाला ठाऊक नाही. आता पर्यटनाच्या निधीतून कुंडाला टाइल्स, चेंजिंग रूम, कमान आणि सेल्फी पॉइंट असा आराखडा आला आहे. ग्रामसभेत कॉलेजात जाणारा एक मुलगा उठून म्हणाला, हा ‘भूवारसा’ आहे, आधी मूल्यांकन करा. सगळे हसले. पण माझ्या डोक्यातून ते गेलं नाही. मूल्यांकन म्हणजे नक्की काय करतात? आम्हाला करता येईल का?”
— एक महिला सरपंच, ता. संगमेश्वर

ताई, त्या मुलाला माझ्या वतीनं चहा पाजा. हसणाऱ्यांनाही पाजा, कारण पुढचं काम त्यांच्याशिवाय होणार नाही.

भूवारसा म्हणजे जमिनीच्या जडणघडणीची गोष्ट सांगणारी, जपण्याजोगी जागा. आधी तुमचं कुंड कुठल्या कुटुंबातलं आहे ते सांगते. पालघर जिल्ह्यातल्या कोकनेरपासून राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत, सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या पट्टीत, सुमारे ३५० किलोमीटर लांबीवर ऊन पाण्याच्या झऱ्यांची एक माळ आहे. अभ्यासकांनी यात १८ ठिकाणं मोजली आहेत. गणेशपुरी-वज्रेश्वरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी. पाण्याचं तापमान ३४ अंशांपासून ७० अंशांच्या आसपास जातं, आणि सगळ्यात तापट त्यातलं उन्हवरे. नावं जरा मोठ्यानं वाचून बघा: उन्हाळे, उन्हवरे, उन्हेरे. कोकणाबाहेर चोपड्याकडचं उनपदेव आणि किनवटजवळचं उनकेश्वर. सगळ्यांत ‘ऊन’ आहे. संस्कृत ‘उष्ण’चं प्राकृतात ‘उण्ह’ झालं आणि तेच आपल्या तोंडी ‘ऊन’ होऊन राहिलं. म्हणजे आपल्या पूर्वजांनी भूशास्त्रीय नकाशा गावांच्या नावांतच काढून ठेवला होता. मी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी हीच यादी फळ्यावर लिहून द्यायचे.

आता पाणी गरम का? तुमच्या गावात कुणी सांगेल, खाली गंधकाचा डोंगर जळतोय. कुणी ज्वालामुखी म्हणेल. आपल्या पायाखालचा काळा कातळ लाव्ह्याचाच आहे हे खरं, पण तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आणि केव्हाच थंड झालेला आहे. खरी गोष्ट साधी आहे. पावसाचं पाणी कातळातल्या लांब, उभ्या भेगांतून खोल उतरतं. जमिनीत साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढते. तुमच्या कुंडाचं पाणी समजा ६० अंश आहे आणि पाऊस पडला तेव्हा ते २७ अंशांचं होतं. म्हणजे ३३ अंश ते खालून घेऊन आलं. वर येताना थोडं निवतं, तेही धरा. हे पाणी किलोमीटरभरापेक्षा खोल जाऊन आलेलं आहे! तुमच्या गावातल्या कुठल्याही बोअरवेलपेक्षा कितीतरी खोल. कमानीवर लिहायचंच असेल तर हे लिहा.

मूल्यांकनाकडे येते. जगभरात याच्या पुष्कळ पद्धती आहेत. मला सोयीची वाटते ती जुझे ब्रिल्या या पोर्तुगीज भूशास्त्रज्ञानं २०१६ साली मांडलेली. तो चार गोष्टी वेगवेगळ्या मोजायला सांगतो: शास्त्रीय मोल, शिकवण्यासाठी उपयोग, पर्यटनासाठी उपयोग आणि नासण्याचा धोका. आपल्याकडे गफलत इथेच होते. आपण पर्यटन तेवढं मोजतो, म्हणजे रस्ता आहे का, पार्किंग आहे का, जेवणाची सोय आहे का. उरलेलं कुणी विचारत नाही.

शास्त्रीय मोलात सात निकष येतात आणि त्यांचं वजन सारखं नाही. हा झरा आपल्या प्रकारचा चांगला नमुना आहे का, याला ३० टक्के. संशोधनात तो संदर्भाचं ठिकाण मानला जातो का, याला २०. जागा मूळ रूपात कितपत टिकली आहे, याला १५. दुर्मीळपणाला १५. अभ्यासाला जाण्यात अडचणी किती, याला १०. त्याच्यावर काही लिहिलं गेलंय का, याला ५. आजूबाजूला आणखी भूशास्त्रीय गोष्टी आहेत का, याला ५. प्रत्येक निकषात जास्तीत जास्त ४ गुण. वजनानं गुणून बेरीज केली की कमाल ४०० होते.

तुमचं कुंड संदर्भाचं ठिकाण नसेल. तिथले गुण सोडून द्या, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. दुर्मीळपणातही शेजारी राजवाडी आणि तुरळ बसलेले आहेत. तुमची कमाई होणार ती ‘नमुना’ आणि ‘मूळ रूप’ या दोन रकान्यांत. पाणी कुठल्या भेगेतून येतं ते उघड्या डोळ्यांनी दिसतं का? बुडबुडे दिसतात का? सडक्या अंड्यासारखा वास येतो का? पाणी वाहून जातं त्या दगडावर हिरवा-नारिंगी बुळबुळीत थर आहे का? (तो घाण म्हणून खरवडू नका. ऊन पाण्यातच जगणारे सूक्ष्मजीव आहेत ते, आणि पाणी जसजसं निवत जातं तसतसा त्यांचा रंग बदलत जातो.) हे सगळं दिसत असेल तर गुण भरभरून मिळतील.

आणि यातली प्रत्येक गोष्ट टाइलखाली जाते. हिशेबच करा ना. ‘मूळ रूप’ या निकषात आज ४ मिळत असतील आणि फरशी बसवल्यावर १ उरला, तर १५ वजनाचे तीन गुण, म्हणजे ४५ गेले. भेग दिसेनाशी झाली म्हणून ‘नमुना’ ४ वरून २ वर आला, की ३० गुणिले २, आणखी ६० गेले. ४०० तले १०५ गुण एका ठेकेदारानं आठवड्यात घालवले. वर बिल आपणच फेडायचं.

मी हे पुस्तकातून बोलत नाही. माझ्या आजोळी फणसाखाली एक गार पाण्याचा झरा होता. ऊन पाण्याचा नव्हे, साधा. जांभा दगडाच्या खबदाडातून पाणी यायचं, खाली दगडी डोणी, तिच्यात गुरं पाणी प्यायची आणि पुढे पाट काढून अळू लावलेलं. एका वर्षी त्याचं ‘सुशोभीकरण’ झालं. कुणी केलं ते सोडा. खबदाड सिमेंटनं बंद केलं, त्यात पाइप घातला, वर सिंहाचं तोंड बसवलं. दोन पावसाळे सिंहाच्या तोंडातून पाणी आलं. तिसऱ्या वर्षी पाण्यानं सिंहाला रामराम केला आणि वीस फुटांवर, आमच्या मामाच्या गोठ्यात, जमीन फोडून ते बाहेर पडलं. पाण्याला वाट हवी असते, तोंड कुणाचं आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. मामा शेवटपर्यंत गोठा उपसत राहिला.

म्हणून तुम्हाला सांगते, आराखड्यावर सही करण्याआधी एक वर्ष मोजा. खर्च म्हणाल तर एक १० लिटरची बादली, सेकंद दाखवणारं घड्याळ (मोबाइल चालेल), १०० अंशांपर्यंतचा प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणि एक वही. ताप बघायचा थर्मामीटर नको. माझ्या एका विद्यार्थ्यानं उन्हवऱ्याला तो पाण्यात बुडवला होता. ताप मोजायचा थर्मामीटर ४२ अंशांपर्यंतच असतो. टचकन आवाज झाला, पाऱ्याचे मणी वाहत्या पाण्यात गेले, आणि पुढे अर्धा तास आम्ही सगळे पाण्याबाहेर बसून होतो.

मोजायचं असं. पाणी जिथून बाहेर पडतं तिथेच तापमान घ्या, कुंडाच्या मध्यावर नको, तिथलं निवलेलं असतं. कुंडातून बाहेर पडणारं सगळं पाणी एका पन्हळीत आणा आणि बादली भरायला किती सेकंद लागतात ते तीनदा बघून सरासरी काढा. १० लिटरला ८ सेकंद लागले तर मिनिटाला ७५ लिटर. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या माणसानं. मे महिन्यातली आणि ऑक्टोबरमधली नोंद तर कुठल्याही कारणानं चुकवू नका. वर्षअखेर सगळ्यात जास्त आकड्याला सगळ्यात कमी आकड्यानं भागा. भागाकार १ च्या जवळ राहिला, तापमानही हललं नाही, तर पाणी खोलवरून येतंय आणि यंदाच्या पावसाशी त्याचं फारसं देणंघेणं नाही. पावसाळ्यात कुंड कोमट होत असेल तर वरचं गार पाणी त्यात मिसळतंय. मग कुंडाच्या वरच्या अंगाला संडासाचे शोषखड्डे किती आहेत तेही वहीत येऊ द्या. बोअरवेल किती आणि किती फुटांच्या, हेही. धोक्याचा रकाना यातूनच भरतो.

चेंजिंग रूम मात्र जरूर बांधा. ती चैन नव्हे. ओल्या लुगड्यानं घरापर्यंत गेलेल्या बायकांना विचारा. ती पन्नास फूट लांब बांधा, तिचं सांडपाणी कुंडाच्या खालच्या अंगाला सोडा, आणि आंघोळीसाठी मुळाच्या खाली दुसरं कुंड काढा. वज्रेश्वरी-अकलोलीला तानसेच्या काठानं चालत जाऊन बघून या. काय करावं आणि काय करू नये, दोन्हीचे धडे एकाच फेरीत मिळतील. तिथली देवी, चिमाजी अप्पांचा नवस, १७३९ चा वसईचा विजय, हा सगळा इतिहास त्या झऱ्यांच्या मोलात भर घालतो, तो वेगळा रकाना करून मोजतात. तुमच्या कुंडाशीही एखादा देव, एखादी जत्रा, बाळंतिणीला न्यायची एखादी चाल जोडलेली असणार. म्हाताऱ्या माणसांकडून लिहून घ्या.

कायद्याचं विचाराल तर भूवारसा स्थळांच्या जतनासाठी केंद्राच्या विधेयकाचा मसुदा डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तुम्ही त्याची वाट बघत बसू नका. ग्रामसभेचा ठराव तुमच्या हातात आहे. गावाची लोक जैवविविधता नोंदवही असेल तर त्या रंगीत थरासकट कुंडाची नोंद तिच्यात घाला. आराखडा पाठवणाऱ्यांना ‘नको’ म्हणून भांडू नका. ‘वर्षाची वही झाली की बदल सुचवतो’ एवढंच लेखी द्या.

“माझं माहेर राजापूरचं. गंगा आली की आजी आम्हा सगळ्यांना घेऊन उन्हाळे गावाला जायची. आता माझा मुलगा म्हणतो, आई, तो नुसता सायफन आहे. सायफन असेल तर मग त्या जागेत विशेष ते काय राहिलं?”
— एक वाचक, डोंबिवली

‘नुसता’ हा शब्द मुलानं मागे घ्यावा, असं माझं म्हणणं आहे.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. राजापूरजवळच्या उन्हाळे गावात टेकाडावर १४ कुंडं आहेत. एरवी ती कोरडी किंवा जेमतेम ओली असतात. मग एक दिवस, बहुतेक वेळा पाऊस नसताना, भर उन्हाळ्यातसुद्धा, कुंडं भरून वाहू लागतात. काही महिने पाणी राहतं आणि जसं आलं तसं निघून जातं. पूर्वी साधारण तीन वर्षांनी येते असा हिशेब सांगत. अलीकडे गंगेनं तो हिशेब पाळायचं सोडलंय. टेकडीच्या पायथ्याला, अर्जुना नदीकडे, ऊन पाण्याचा झरा आहे तो वेगळा.

सायफनची कल्पना अशी: टेकडीच्या पोटात एक पोकळी आहे आणि तिच्यातून बाहेर येणारी वाट सरळ नाही, आधी वर चढून मग खाली उतरते, गुडघ्यासारखी. पोकळीत पाणी हळूहळू साठत राहतं. ते गुडघ्याच्या वर गेलं की एकदम ओढ लागते आणि पोकळी रिती होईपर्यंत थांबत नाही. रॉकेलच्या पिंपातून नळीनं तोंडानं ओढून रॉकेल काढणारा दुकानदार तुम्ही पाहिला असेल, तुमच्या मुलानं नसेल. तत्त्व तेच. जेरुसलेमच्या गिहोन झऱ्याबद्दलही हेच सांगतात, तोही पूर्वी थांबून थांबून उसळायचा. पण तो चुनखडीतला आहे. चुनखडी पाण्यात विरघळते आणि तिच्यात अशा वाटा सहज तयार होतात. आपल्याकडे कातळ आणि त्याच्यावर जांभा. जांभ्यातही भुयारं होतात हे कोकणात विहीर खणणारा कुणीही सांगेल, पण वर्षानुवर्षं साठवून मग सोडणारी अशी रचना? मूल्यांकनात दुर्मीळपणाच्या रकान्यात मी डोळे मिटून ४ देईन.

धोक्याच्या रकान्यातही ४ देईन, आणि तिथले ४ म्हणजे वाईट. ऊन पाण्याचं खोल मूळ सहजासहजी बिघडत नाही. सायफनचा गुडघा मात्र नाजूक. जवळपास सुरुंग लागला, चिऱ्याची खाण आली, वरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, खोल बोअर मारली, की तो गुडघा कुठे तडकेल सांगता येत नाही. गंगेचा हिशेब का बिघडला याचं छातीठोक उत्तर मी देणार नाही, पण मला कुणी अधिकार दिले तर पहिली गोष्ट मी पाण्याची बाटली भरणार नाही. गंगापुत्रांच्या, म्हणजे तिथल्या पुजाऱ्यांच्या, घरच्या जुन्या वह्या मागेन. गंगा कधी आली, कधी गेली, या तारखा म्हणजे कुठल्याही प्रयोगशाळेत न मिळणारी नोंद आहे. तिच्याशेजारी त्या त्या वर्षांचा पाऊस मांडला तरी पुष्कळ काही कळेल.

मुलाला घेऊन पुढच्या वेळी नक्की जा. आंघोळ करा, ओटी भरा. आणि त्याला कागदावर गुडघ्याचं चित्र काढायला लावा. दोन्ही एकाच दिवशी होऊ शकतं, आजी नाही म्हणाली नसती.

“मी महाबळेश्वरला टॅक्सी चालवतो. क्षेत्र महाबळेश्वरला गिऱ्हाईक नेलं की मी सांगतो, कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री, पाची नद्या इथल्या गोमुखातून निघतात. परवा एक साहेब म्हणाले, हे शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे. मी काय सांगू?”
— एक टॅक्सीचालक, महाबळेश्वर

दादा, साहेबांना विचारायचं होतं, बरोबर काय ते तुम्ही सांगा.

पाच नद्या त्या एका दगडी तोंडातूनच सुरू होतात असं नाही, प्रत्येकीला वाटेत अनेक ओढे-झरे मिळतात तेव्हा ती नदी होते. पण तुमच्या सांगण्यातलं मर्म शंभर टक्के खरं आहे. महाबळेश्वरच्या माथ्यावर काळ्या कातळावर जांभ्याची जाड टोपी आहे. जांभा म्हणजे भोकाभोकांचा, स्पंजासारखा. धो धो पाऊस या स्पंजात मुरतो. टोपीच्या तळाशी चिकण मातीचा थर लागतो, तिथे पाण्याची खालची वाट बंद होते, मग ते आडवं सरकत डोंगराच्या कडेला येऊन झरतं. तुमच्या पंचगंगा मंदिरातल्या गोमुखाचं पाणी असल्याच सांध्यावरचं. आणि हा माथा म्हणजे पाण्याची पाठवण करणारं नाकं आहे. सावित्री पश्चिमेला उतरते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. वेण्णा माहुलीला कृष्णेला भेटते, कोयना कऱ्हाडला. कृष्णा मात्र १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरात जाते. एकाच डोंगरावर पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो. हे सांगा, टिप जास्त मिळेल.

आणखी एक. सप्टेंबर २०२५ मध्ये पाचगणी-महाबळेश्वरचे लाव्ह्याचे थर युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत दाखल झाले. संभाव्य यादी म्हणजे अजून निकाल नव्हे, फॉर्म भरलाय एवढंच. त्यामुळे ‘युनेस्कोनं मान्यता दिली’ असं गिऱ्हाइकाला सांगू नका, कुणीतरी साहेब भेटेलच. पण पाचगणीच्या टेबललँडवर गाडी थांबवाल तेव्हा पायाखालचा तांबडा दगड दाखवून म्हणा, हीच ती टोपी.

मला खटकतं ते एवढंच की, मंदिरात पाणी बघून झालं की कुणी वर डोंगराकडे बघत नाही. झरा म्हणजे गोमुख नव्हे. झरा म्हणजे त्याच्या वरचा सगळा सडा. तिथे हॉटेलांचं काँक्रीट वाढत गेलं की गोमुख तसंच राहील, सुंदर आणि कोरडं.

“ट्रेकला गेल्यावर झऱ्याचं पाणी प्यावं का? ऊन पाण्याच्या कुंडाचं औषधी पाणी म्हणून लोक बाटलीत भरून नेतात, ते बरोबर का?”
— एक विद्यार्थी, पुणे

वाहत्या मुळाजवळचं, वर वस्ती आणि गुरं नसलेलं पाणी मी आयुष्यभर प्यायलेय. तुला मात्र सांगते, उकळून किंवा गाळून पी. तुझ्या आईचं पत्र मला नको. ऊन पाण्याचं कुंड प्यायला नको. खोलवर फिरून आलेल्या गरम पाण्यात दगडातले क्षार बरेच उतरतात, कधी कधी फ्लोराइडही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम आहे आणि जिभेला ते कळत नाही. शेकायला उत्तम. त्यात सूर मारू नको, कोमट साचलेलं पाणी नाकात जाऊ देऊ नको. आणि पाय टाकायच्या आधी हात लावून बघ. ७० अंशांचं पाणी कातडी सोलतं.

“मी फोंडा तालुक्यात मराठी शाळेत शिकवते. आमच्या गावात तीन झरी आहेत. पूर्वी मे महिन्यात लोक आंघोळीला लांबून येत, आता पिकनिकवाले येतात आणि बाटल्या टाकून जातात. सातवीच्या मुलांना घेऊन या झरींचं मूल्यांकन करावं असं मनात आहे. तुमचे ४०० गुण त्यांना झेपतील का?”
— एक शिक्षिका, गोवा

बाई, ४०० गुण मलाही झेपत नाहीत, रविवारी तर मुळीच नाही. मुलांसाठी मी तीनच प्रश्न ठेवीन. पाणी कुठून येतं? कोण वापरतं? मागच्या वर्षीपेक्षा कमी झालं का?

गोव्याला झरींचं अप्रूप शिकवायला नको. पणजीतल्या फोंताइन्यश वाड्याचं नावच झरीवरून पडलं, आल्तिन्यच्या टेकडीखालच्या फोंत फेनिक्सवरून. रंगीत भिंतींचे फोटो काढणाऱ्या हजारातल्या एकाला तरी ती झर दाखवता येईल का, शंका आहे. पर्यटनाचं हे असं असतं, नाव चालतं आणि पाणी विसरतं.

तुमच्या झरी बहुतेक जांभ्याच्या पायथ्याच्या असणार. म्हणजे खोल नव्हेत, ऊन नव्हेत, आणि म्हणूनच वरच्या टेकडीवर काय चाललंय ते चटकन सांगणाऱ्या. मुलांच्या तीन तुकड्या करा, एकेक झर वाटून द्या. बादली-घड्याळाची रीत वर सरपंचताईंना लिहिली आहे, तीच. त्यात भर एवढीच: मुलांना झरीपासून उलटं, वर, टेकडीच्या माथ्यापर्यंत चालवत न्या आणि वाटेत जे दिसेल त्याचा नकाशा काढायला लावा. काजूची बाग, खाण, नवा प्लॉट, कचऱ्याची खाच, काहीही. हा नकाशा मी कुठल्याही गुणपत्रिकेपेक्षा मोठा मानते. देशभरात झरे वाचवणाऱ्यांनी हेच केलंय. सिक्कीममध्ये २००८ पासून ‘धारा विकास’मध्ये लोकांनी आधी झऱ्याच्या वरचा भाग ओळखला, तिथे उतारावर चर खणले, पाणी मुरवलं, तेव्हा खाली आटलेल्या धारा परत आल्या. खडक ओळखल्याशिवाय चर खणले असते तर पाणी दुसऱ्याच डोंगराच्या कुशीत गेलं असतं.

पिकनिकवाल्यांचं काय करायचं? ‘कचरा टाकू नये’ या बोर्डाला कुणी भीक घालत नाही. मुलांनी मोजलेला आकडा बोर्डावर लिहा, खडूनं, दर महिन्याला बदलून: ‘आज ही झर मिनिटाला इतके लिटर देते, गेल्या मे महिन्यात इतके देत होती.’ खाली शाळेचं नाव. माणसं थांबून वाचतात, मी एका गावात पाहिलंय. बाटल्या पूर्ण थांबल्या नाहीत, कमी झाल्या.

पहिली नोंद मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घ्या. जूनच्या पहिल्या सरी आल्या की वर्षातला सगळ्यात कमी आकडा हातातून निसटतो आणि मग पुन्हा बारा महिने थांबावं लागतं. सुट्टीत मुलं मिळत नाहीत हे मला माहीत आहे. दोघं मिळाली तरी पुरे, एक बादली धरायला आणि एक घड्याळ बघायला. आकडा मला कळवा.